दोनशे शेअरांची मालकीण

बायडाबाईला काही सांगायचं असेल तर आधी सवड काढून बसावं लागतं, कारण आपल्या एका वाक्यामागं तिचे तीन प्रश्न येतात. राजमती कास्टिंग्ज या फौंड्रीत ती बावीस वर्षं आहे आणि तिच्या तावडीतून कोणी सुटलेलं नाही. नवा सुपरवायझर आला की जुनी माणसं त्याला पहिल्याच दिवशी सांगतात, भट्टीपासून लांब राहा आणि बायडाक्काच्या प्रश्नांपासूनही. शिक्षण सातवी. पण कंपनीत नवीन मशीन उतरलं की ते कुठून आलं, किती वीज खातं, बिघडलं तर कोण येणार आणि ज्या माणसाचं काम ते करणार त्या माणसाचं काय, हे सगळं तिला दुपारच्या डब्याच्या आत कळलेलं असतं.

तिचं काम कोअर करायचं. ओतीव लोखंडाच्या वस्तूत जिथं पोकळी हवी असते तिथं आधी वाळूचा घट्ट गाभा बसवतात. लोखंड गार झालं की तो फोडून काढतात. त्या गाभ्याला कोअर म्हणतात, आणि फौंड्रीत ते नाजूक काम बहुतेक बायकाच करतात. वाळू धरून राहावी म्हणून तिच्यात रेझीन मिसळतात. त्याचा वास एकदा हाताला बसला की बसला. बायडाबाईनं लिंबू लावलं, चिंच लावली, शेण लावून पाहिलं आणि मग नाद सोडला. तिचा नवरा गणपतराव म्हणायचा, उचगावात लाईट गेली तरी आमची ही घरात कुठं आहे ते मला सांगता येतं.

फौंड्रीला पन्नास वर्षं झाली त्या साली मालकांनी, म्हणजे तात्यासोंनी, सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. तात्यासो म्हणजे उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः घमेली उचलून सुरुवात केलेला माणूस. वय अठ्ठ्याहत्तर, जैन, पांढरी टोपी, चप्पल कायम झिजलेली. बायकोच्या नावानं त्यांनी कंपनी काढली आणि ती गेल्यावर तिच्या फोटोला हार घालून मगच रोज ऑफिसात बसायचे. त्या दिवशी ते फार बोलले नाहीत. पाच वर्षांवर नोकरी झालेल्या प्रत्येकाला कंपनीचे शेअर देणार, आजपासून तुम्ही नुसते कामगार नाही, मालक आहात, एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले. एकशे साठ माणसं एका दुपारी मालक झाली.

आता कोल्हापूरच्या माणसाला शेअर ही काय नवी वस्तू नाही. साखर कारखान्याचा शेअर ज्याच्या घरात नाही असं घर शोधावं लागेल. शेअर म्हणजे सभासद, सभासद म्हणजे दिवाळीला स्वस्तातली साखर आणि वर्षातून एकदा सभा. फौंड्रीतल्या माणसांनी तोच हिशेब इथं लावला. गणपतराव स्वतः एका कारखान्याचा जुना सभासद. त्यानं बायकोला पहिला प्रश्न केला की दिवाळीला काय मिळणार. साखर तर तुमच्यात होत नाही, मग लोखंड देणार का किलोवर. मोल्डिंगमधला, म्हणजे साचे करणारा हंबीरराव तर गंभीरपणे म्हणाला, आपण पंपाचे भाग ओततो, तर प्रत्येकी एक पंप दिला तरी चालेल.

बायडाबाईचा प्रश्न वेगळाच होता. शेअरांचे कागद सांभाळायला तात्यासोंची नात सोनल पुण्याहून शिकून आली होती. तिच्या टेबलापुढं बायडाबाई डब्याच्या सुट्टीत जाऊन बसली. सोनलनं समजावलं की कंपनीचे जेवढे तुकडे केलेत त्यातले दोनशे तुमचे. बायडाबाईनं विचारलं, कंचं तुकडं? कोअर शॉपमधलं का भट्टीकडचं? सोनल हसली. असे दाखवता येत नाहीत म्हणाली, सगळ्यात थोडेथोडे. बायडाबाई म्हणाली, म्हंजे चांगल्यातबी आन वाईटातबी. सोनलनं मान हलवली आणि पुढचा फॉर्म काढला. बोलण्याच्या ओघात मान हलवताना माणसाला फार विचार करावा लागत नाही.

त्याच वर्षी मळेवाडीचं प्रकरण झालं. एका मर्यादेवर नफा गेलेल्या कंपन्यांना त्यातला थोडा वाटा कायद्यानं समाजासाठी खर्चावा लागतो. त्याला मोठी नावं आहेत, पण फौंड्रीत सगळे सीएसआरच म्हणतात. कोणी शाळेला बाक देतं, कोणी झाडं लावून त्यांचे फोटो काढतं. तात्यासोंनी मळेवाडी या खेड्यातल्या शाळेत पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. पिवळ्या रंगाचं, नळाचं, वर कंपनीचं नाव. सोनलच्या डोक्यात आलं की या वेळी फीत मालकांनी कापण्यापेक्षा एखाद्या कामगार मालकानं कापावी, अहवालात फोटो बरा दिसेल. निवड झाली बायडाबाईची. ती हिरवं इरकल नेसून गेली, फीत कापली, टाळ्या झाल्या. फोटोत ती कॅमेऱ्याकडं न बघता मशीनच्या मागून आत जाणाऱ्या पाइपकडं बघत होती.

कार्यक्रम आटोपला तशी माणसं पोह्यांकडं वळली आणि बायडाबाई विहिरीकडं. शाळेला लागून शालूबाईचं घर. सत्तरीची बाई, अंगणातच जुनी दगडी विहीर. पाणी भरपूर, हाताला येईल इतकं वर. बायडाबाईला राहवेना. एवढी भरलेली विहीर असताना तुम्हाला मशीन कशाला लागलं, असं तिनं विचारलंच. शालूबाई म्हणाली, पाण्याला वास येतो बाई, जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. तुमच्या कंपनीचे उपकार म्हणून पोरांना तरी नीट पाणी मिळालं. मग तिनं एक कळशी बुडवून वर काढली आणि पाहुणीपुढं ठेवली.

बायडाबाई वाकली आणि तशीच थांबली. तो वास तिला कोणी सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं तो तिच्या हाताला होता. क्षणभर तिला वाटलं, हातच वास मारतायत. तिनं हात पदराखाली घेतले आणि पुन्हा वाकून पाहिलं. वास कळशीतूनच येत होता.

त्या दिवशी ती कोणाला काही बोलली नाही, आणि बायडाबाई बोलत नाही म्हणजे आजारीच असणार असं समजून गणपतरावानं काढा करून दिला.

सोमवारी फौंड्रीला सुट्टी. शेजारच्या बाकावर कोअर करणाऱ्या तानाबाईला घेऊन ती मळेवाडीला गेली आणि विहिरीमागच्या ओढ्याच्या कडेनं उलटं चालू लागली. पाणी कुठून येतं हे बघायला. तानाबाई वाटभर कुरकुरत होती की लोकं सुट्टीला अंबाबाईला जातात आणि आपण ओढ्याला. उसाचे दोन फड लागले, मग एक वीटभट्टी. पुढं रस्त्याखालची मोरी लागली, तिच्यातून वाकून जावं लागलं. मोरीपलीकडं ओढा वळला आणि समोर एक भिंत आली. भिंतीअलीकडं दुमजली घराएवढा काळ्या वाळूचा ढीग होता. त्याची कड ओढ्याच्या पाण्यात उतरली होती.

भिंत राजमती कास्टिंग्जची होती. ढीगही. वापरून झालेली वाळू मागच्या बाजूला टाकतात हे फौंड्रीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मळेवाडी तिथून रस्त्यानं सहा किलोमीटर, म्हणून तिचा आणि या ढिगाचा काही संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. ओढ्यानं ते अंतर जेमतेम दीड किलोमीटर होतं. तानाबाई म्हणाली, चल, कोणी बघंल. पण बायडाबाई ढिगाच्या कडेला बसून वाळू चाळत होती. तिला अर्धा फुटलेला एक कोअर मिळाला, पंपाच्या बॉडीचा. त्याची कड अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केलेली होती. कड अशी दाबायची सवय त्या अख्ख्या शॉपमध्ये एकटीचीच होती, तिचीच.

दुसऱ्या दिवशी ती परत सोनलसमोर. या वेळी सोनल हसली नाही. बायडाबाईनं विहिरीचं आणि ढिगाचं सांगितलं आणि सरळ म्हणाली, तुमचा तो समाजाचा पैसा आहे, त्यातून हा ढीग उचला. सोनलनं सांगितलं, तसं करता येत नाही. आपल्या धंद्यातली आपली घाण आपण काढली तर ती समाजसेवा धरत नाहीत, ते कंपनीचं कामच. बायडाबाईनं हे दोनदा म्हणवून घेतलं. म्हणजे पाण्यात घाण घालून वर मशीन दिलं तर अहवालात फोटो, आणि घाणच काढली तर काही नाही. सोनल म्हणाली, कायद्याचं बरोबरच आहे आक्का, आपलीच घाण काढल्याबद्दल शाबासकी कशाला. बायडाबाईला ते पटलं. तिला तिरपागडं वाटत होतं ते एवढंच, की मग ते बिनशाबासकीचं काम अजून का झालं नाही.

सोनलनं कपाटातून एक फाइल काढली. जुनी वाळू भाजून पुन्हा वापरायजोगी करणाऱ्या मशीनची माहिती तिनंच दोन वर्षांपूर्वी मागवली होती. आजोबा पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते. यंदा नफा बरा होता, पण तो वाटायचा ठरला होता. नव्यानं मालक झालेल्यांना पहिला डिव्हिडंड द्यायचा, साधारण महिन्याच्या पगाराएवढा, ही तात्यासोंची हौस. तो किती द्यायचा ते संचालक सुचवतात आणि सभा मंजूर करते. बायडाबाईनं लगेच विचारलं, सभेला तो बदलता येतो काय. सोनलनं फाइल मिटून उत्तर दिलं.

"वाढवता येत नाही. कमी करता येतो."

आणि तिनं हेही बजावलं की कमी झाला तर सगळ्यांचा होईल, तुमच्या एकटीचा नाही.

बायडाबाईच्या स्वयंपाकघरावर पत्रा होता. त्या पैशातून स्लॅबची सुरुवात करायची असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. हंबीररावानं मुलाच्या मोटरसायकलचं बुकिंगसुद्धा केलं होतं आणि येता-जाता पेढ्यांचं आमिष दाखवत होता. तिनं गणपतरावाला सगळं सांगितलं. तो शांत माणूस, पण त्या दिवशी भडकला. ज्यानं तुला मालक केलं त्याच्याच सभेत त्याचे वाभाडे काढणार, खाल्ल्या घरचे वासे मोजणार, असं म्हणाला. हे तिला लागलं, कारण तात्यासोंबद्दल तिला खरंच माया होती. तिच्या थोरलीच्या बाळंतपणात त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. त्यांना दुखवावं की शालूबाईच्या विहिरीकडं पाठ फिरवावी, यातलं एक काहीतरी तिला करावंच लागणार होतं, आणि दोन्हीची तिला भीती वाटत होती. तिनं एका बाटलीत ते पाणी भरून आणलं, एवढं मात्र केलं.

सभा सप्टेंबरच्या शेवटी, कँटीनमध्येच. मागं जिलेबी तळायचं चाललेलं. आपल्याकडं साखर कारखान्यांच्या सभांची एक रीत आहे. वाचणाऱ्यानं विषय वाचायला तोंड उघडलं की बसलेल्यांनी मंजूर, मंजूर म्हणून ओरडायचं. विषय काय हे महत्त्वाचं नसतं, आवाज महत्त्वाचा. फौंड्रीतली माणसं याच रीतीत वाढलेली. सोनलनं पहिला विषय निम्मा वाचला आणि मंजूर झाला. ती बिचारी चाट पडली. तात्यासो खुशीत हसले, माणसं आपल्या बाजूची आहेत म्हणून. दुसरा विषय डिव्हिडंडचा. तिनं नुसता शब्द उच्चारला आणि छपराचा पत्रा हादरेल असा मंजूरचा गजर झाला. बायडाबाई उठून उभी राहिली, काहीतरी बोललीही, पण ते तिच्या शेजारणीलासुद्धा ऐकू गेलं नाही. हंबीरराव पुढून म्हणाला, आक्का, बस की, जेवण गार होतंय.

ती बसली. पिशवीतून बाटली काढून तिनं बूच उघडलं आणि तानाबाईच्या हातात दिली. तानाबाईनं हुंगलं आणि पुढच्या बाईकडं सरकवली. कोअर शॉपच्या सतरा बायका एका रांगेत बसल्या होत्या. बाटली रांगेतून जात गेली तशी एकेक बाई गप्प होत गेली. काय आहे हे कोणी विचारलं नाही. बाटली मोल्डिंगच्या माणसांत गेली, हंबीररावाकडं गेली, आणि त्याचाही आवाज बंद झाला. तात्यासोंनी विचारलं तिकडं काय फिरतंय, तेव्हा ती कोणीतरी त्यांच्याही हातात दिली. त्यांनी उद्यमनगरात पहिली सात वर्षं स्वतः कोअर केलेले. त्यांनी एकदाच हुंगलं.

"कुठलं पाणी?" त्यांनी विचारलं.

"मळेवाडीच्या शाळंजवळच्या हिरीचं," बायडाबाई म्हणाली. "आपल्या ढिगाखालनं ओढ्यानं जातंय. मी चालत जाऊन बघितलंय. तात्या, तुमी म्हणालासा, मालक व्हा. मालक झालो तर त्यो ढीगबी माझा की. दोनशे शेअरांएवढा. माझं पैसं मला नगोत, त्यात ती वाळू उचला."

हंबीरराव उठला. तुझे पैसे तू सोड, आमचे कशापायी, असं त्याचं म्हणणं. वेडंवाकडं नव्हतं ते. सोनलनं सांगितलं की एकीचे सोडता येत नाहीत, कमी करायचा तर सर्व शेअरांवर सारखाच कमी होतो. शंभरातले नव्वद शेअर घरच्यांचे असल्यानं सर्वात मोठा भाग त्यांचाच जाईल. हंबीररावानं हे पडताळून पाहिलं. आमचा एक रुपया गेला तर मालकांचे नऊ जाणार, हे त्यानं तिच्याकडून वदवून घेतलं आणि तो विचारात पडून खाली बसला. पाठीमागं कुजबुज सुरू झाली. खोटं कशाला बोला, मळेवाडीच्या पाण्यानं जे हात उचलले असते त्यांत या नऊ रुपयांच्या हिशेबानं आणखी काही जमा झाले. माणसाचं पुण्य निखळ सोन्याचं नसतं, त्यात थोडं तांबं लागतंच.

डिव्हिडंड निम्मा करून उरलेल्या पैशात वाळूचं काम करावं असं बायडाबाईनं सुचवलं, तानाबाईनं अनुमोदन दिलं. हात वर करून मत घ्यायचं तर शेअर कितीही असोत, माणशी एकच हात. बाजूनं एकोणऐंशी आले, विरुद्ध अठ्ठावन्न. हंबीररावाचा हात विरुद्धच होता. तात्यासोंच्या घरच्यांनी हात वर केलेच नाहीत, ते म्हाताऱ्याकडं बघत होते.

"सोनल, हात सोडून शेअर मोजले तर?" तात्यासोंनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तर आपण म्हणू तसं होईल, आजोबा. तुम्हाला तशी मागणी करता येते."

तात्यासोंनी बाटलीचं बूच शोधलं. ते मिळालं नाही. बाटली तशीच उघडी त्यांच्या हातात राहिली. आतून जिलेबीवाला डोकावून गेला.

"नको मोजू. पुढचा विषय घे," ते म्हणाले.

ते जेवले नाहीत. गाडीत बसून गेले, आणि त्यानंतर महिनाभर बायडाबाईशी एक शब्द बोलले नाहीत. कोणाला वाटेल की माणूस एवढा उमदा वागला म्हणजे मनातून मोकळा झाला असेल, पण तसं नव्हतं. त्यांना राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मशीनची ऑर्डर मात्र त्यांनी आठवड्यात दिली, आणि ढीग उचलून सरकारनं ठरवून दिलेल्या जागी न्यायला डंपर लागले. हंबीररावाच्या मुलाला मोटरसायकल मिळाली, पण जुनी. हंबीरराव बायडाबाईला पाहून तोंड फिरवायचा, आणि तो एकटाच नव्हता. स्लॅबचं काय, असं गणपतरावानं एकदाच विचारलं. वार्षिक अहवाल छापून आला त्यात समाजकार्याच्या पानावर हिरव्या इरकलातली बायडाबाई फीत कापत होती. वाळूबद्दल त्या पानावर अक्षर नव्हतं, कारण नियमानं ते समाजकार्य नव्हतंच.

तो अहवाल पिशवीत घालून बायडाबाई एका सोमवारी मळेवाडीला गेली. निम्मा ढीग गेला होता. विहीर कधी निवळेल ते सोनललाही सांगता येत नव्हतं, दोन पावसाळे लागतील असा एकाचा अंदाज होता. शालूबाईला हे आपणच सांगावं असं तिला वाटलं. शालूबाईनं तिला ओळखलं, घोंगडं टाकलं, फोटो बघून कौतुक केलं. मशीन छान चाललंय, तुमच्या कंपनीचे उपकार फिटायचे नाहीत, असं ती पुन्हा म्हणाली.

बायडाबाईनं तिला थांबवलं. उपकार म्हणू नका म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. वाळू कुठली, रेझीन कसलं, ओढा कुठून वळतो आणि तो वास कोणाच्या हातचा. आपण त्या कंपनीच्या मालकीण आहोत हेही सांगितलं, दोनशे शेअरांच्या. आता ढीग उचलायला घेतलाय, हे शेवटी सांगितलं. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं.

शालूबाईनं सगळं ऐकून घेतलं. अहवाल मिटून घोंगड्यावर ठेवला.

"किती वर्सं हाईस तिथं?" तिनं विचारलं.

"बावीस."

शालूबाईनं बायडाबाईचा हात धरून जवळ ओढला, नाकाजवळ नेला आणि सोडून दिला.

"बावीस वर्सं," ती म्हणाली. "आन तुला आत्ता वास आला व्हय?"

"व्हय," बायडाबाई म्हणाली.